मिठाचा दिवा हवेत ऋण आयन सोडत नाही

"गुलाबी मिठाचा दिवा लावा. तापलेलं मीठ ऋण आयन सोडतं, हवा शुद्ध होते, दमेकऱ्याचा पंप सुटतो. पांढरं मीठ ब्लीच केलेलं असतं." हा मजकूर घरच्या ग्रुपवर आला आणि दम्याचा त्रास असलेल्या मावशींनी लगेच दिव्याची किंमत विचारली. आता गप्प बसणं शक्य नाही.

मिठात ऋण आयन, म्हणजे ऋण विद्युतभार असलेले कण, असतात, एवढं खरं; ते म्हणजे क्लोराइड, आणि त्यांच्या जोडीला धनभारित सोडियम आयन. पण प्रत्येक क्लोराइड सहा सोडियम आयनांनी जखडलेला असतो. स्फटिक मोडून आयन सुटे करायला दर जोडीमागे सुमारे ८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं एकक) लागतात. ५० अंशांच्या कोमट दगडात दर कणामागे औष्णिक ऊर्जा असते ०.०३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास. मीठ वितळतंच मुळी ८०१ अंशांना. त्यापुढे तापवून वाफ केली तरी तिच्यात मुख्यतः भाररहित रेणू असतात. मग १५ वॉटच्या बल्बवर क्लोराइड हवेत उडणार कसे? असल्या भरवशावर कुणाचा पंप बंद करायला सांगणं हा जिवाशी खेळ आहे.

बल्बचा उजेडही काही करत नाही. क्लोराइडच्या भरलेल्या पट्ट्यातला (पट्टा म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांचा गट) इलेक्ट्रॉन सोडियमच्या रिकाम्या पट्ट्यात न्यायला साधारण साडेआठ इलेक्ट्रॉन-व्होल्ट हवेत. दृश्य प्रकाशाच्या फोटॉनकडे, म्हणजे प्रकाशकणाकडे, १.६ ते ३.१ असतात. उजेड शोषला न जाता आरपार जातो, म्हणून शुद्ध स्फटिक रंगहीन असतो. त्याची पूड पांढरी दिसते, कारण कणाकणाच्या कडांवर उजेड विखुरतो. काच कुटली तरी तेच होतं. ब्लीचचा मुद्दा इथेच संपला.

पाकिस्तानातल्या खेवड्याच्या मिठाची गुलाबी छटा लोहाच्या ऑक्साइडची आहे. खडा पाण्यात विरघळवून रात्रभर ठेवा, तळाशी तांबूस गाळ दिसेल.

शुद्ध मिठालाही रंग चढू शकतो, हे मात्र मान्य. जर्मनीतल्या गटिंगेनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट पोल यांनी १९२०-३० च्या दशकांत हे नीट तपासलं. क्ष-किरणांनी किंवा सोडियमच्या वाफेत तापवल्याने क्लोराइडच्या रिकाम्या जागी इलेक्ट्रॉन अडकतो. तो सुमारे २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा निळा उजेड शोषतो आणि मीठ पिवळसर-तपकिरी दिसतं. त्यात औषधी असं काही नाही.

"दिवा हवेतली घाण ओढतो", हेही अर्धंच. मीठ ओढतं ते पाणी, तेही सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की. कोकणातल्या पावसाळ्यात विझलेला दिवा पाझरतो, खारं पाणी होल्डरमध्ये उतरतं, पितळ गंजतं आणि शॉर्टसर्किट होऊ शकतं.