रिपोर्टात ‘नॅबोथियन सिस्ट’ आली म्हणून पिशवी काढायची नसते

पोटाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात तळाशी पुष्कळदा एक ओळ असते: गर्भाशयमुखावर नॅबोथियन सिस्ट, सर्वांत मोठी 8 मिमी. सिस्ट म्हणजे गाठ आणि गाठ म्हणजे कॅन्सर, हा हिशोब घरी पोचेपर्यंत झालेला असतो. मग घरात कुणीतरी म्हणतंच, “मुलंबाळं झालीत, आता टाका काढून पिशवी.” माझा याला ठाम विरोध आहे.

आधी ही सिस्ट होते कशी ते बघा. पिशवीच्या तोंडाच्या आतल्या नळीत चिकट स्राव करणाऱ्या ग्रंथी असतात. बाहेरच्या भागावर मात्र योनीसारखीच जाड, अनेक थरांची त्वचा असते. या दोघींची हद्द कायम एका जागी राहत नाही. वयात येताना, गरोदरपणात ती सरकते. बाळंतपणानंतर किंवा सूज भरून येताना बाहेरची त्वचा ग्रंथींच्या तोंडावरून वाढते आणि तोंडं बुजतात. आत स्राव तयार होतच राहतो, बाहेर पडायला वाट नसते, आणि ग्रंथी फुगते. एवढंच. तपासणीत ती भिजलेल्या साबुदाण्याच्या दाण्यासारखी दिसते, पांढरट-पिवळसर, गुळगुळीत, वरून बारीक रक्तवाहिन्या फाटे फुटत गेलेल्या. टोचली तर अंड्याच्या पांढऱ्यासारखा चिकट द्रव येतो. मार्टिन नाबोथ या जर्मन वैद्याने 1707 मध्ये तिचं वर्णन केलं, तेव्हा त्याला ही स्त्रीबीजंच वाटली होती!

बहुतेक सिस्ट काही मिलिमीटरच्या असतात आणि त्यांना कुठलाही उपचार लागत नाही. त्यांचं कॅन्सरमध्ये रूपांतर होत नाही. बीजकोशातल्या सिस्टशी किंवा पीसीओडीशी त्यांचा संबंध नाही. अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखतेय, तर दोष सहसा या साबुदाण्याचा नसतो. जंतुसंसर्ग आहे का, ते आधी तपासायला हवं. सिस्ट खूप मोठी होऊन दाब देत असेल किंवा पॅप तपासणीच्या (पिशवीच्या तोंडावरच्या पेशी खरवडून बघायच्या चाचणीच्या) आड येत असेल, तर ती फोडतात किंवा विद्युत-दहनाने जाळतात, आणि तेवढ्यावर भागतं. उगाच जाळलं तर पिशवीचं तोंड आकसू शकतं, आणि जखम भरताना पुन्हा ग्रंथी झाकल्या जाऊन नव्या सिस्ट तयार होऊ शकतात.

बीडमध्ये 2019 साली 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. कारणं अनेक होती, पण ‘पुढे कॅन्सर होईल’ ही भीती किती सहज विकली जाते, ते या आकड्यांवरून कळतं. पिशवीबरोबर बीजकोशही गेले की ऐन तिशी-पस्तिशीत हाडं झिजायला सुरुवात होते.

आता दुसरी बाजू, आणि ही जास्त महत्त्वाची. ‘सिस्ट साधी आहे’ म्हणजे ‘कॅन्सरची तपासणी झाली’ असं मुळीच नाही. सोनोग्राफीत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरआधीचे बदल दिसत नाहीत. त्यासाठी पॅप किंवा एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची) चाचणी लागते. सरकारी केंद्रात 30 ते 65 वयोगटासाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए करतात: पिशवीच्या तोंडाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते बघायचं. पाळी गेल्यावर ग्रंथी आणि त्वचेची ती हद्द आत सरकते, नजरेला नीट दिसत नाही, म्हणून त्या वयात व्हीआयए तेवढी भरवशाची नाही. एचपीव्ही करून घ्यावी. पॅप पाळीच्या दिवसांत टाळा, आणि आधीचे दोन दिवस संबंध, योनीतल्या गोळ्या, आतून धुणं हे सगळं बंद ठेवा, नाहीतर नमुना वाया जातो.

संबंधानंतर रक्त, पाळी बंद झाल्यावर रक्त, पाण्यासारखा भरपूर स्राव, किंवा रिपोर्टात सिस्टच्या आत घट्ट भाग असल्याचा उल्लेख, यांतलं काहीही असेल तर थांबू नका. क्वचित एक खोलवरचा कॅन्सर सोनोग्राफीत सिस्टच्या घोसासारखा दिसतो. तिथे एमआरआय आणि तुकडा काढून तपासणी लागते.

आणि कुणी पिशवी काढायला सांगितलंच, तर दोन प्रश्न विचारा: “पॅप किंवा एचपीव्हीचा रिपोर्ट कुठे आहे? बीजकोश ठेवणार की काढणार?” उत्तरं कागदावर घ्या आणि तो कागद दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.