व्हर्दँ तगलं ते खडी टाकणाऱ्यांमुळे

पहिल्या महायुद्धातली, फ्रान्समधली व्हर्दँची लढाई म्हटलं की फ्रेंच सेनापती जनरल पेताँचं नाव निघतं आणि तोफांचे आकडे निघतात. मला मात्र त्या लढाईतलं खरं शौर्य एका रस्त्यावर दिसतं, फावडी घेतलेल्या, चाळिशीला टेकलेल्या माणसांचं.

२१ फेब्रुवारी १९१६. जर्मन तोफा धडाडल्या, तेव्हा व्हर्दँकडे येणारे मोठे रेल्वेमार्ग एकतर तुटलेले होते, नाहीतर शत्रूच्या माऱ्यात. तिथल्या किल्ल्यांवरच्या बऱ्याच तोफा फ्रेंचांनीच १९१५ मध्ये काढून दुसऱ्या आघाड्यांवर नेलेल्या. आता तोफा, गोळे, माणसं सगळंच आणायचं होतं, आणि हाताशी होती एक छोटी मीटरगेज रेल्वे आणि बार-ल-द्युकहून येणारा साधारण ७० किलोमीटरचा, जेमतेम ७ मीटर रुंद रस्ता.

त्यात फेब्रुवारी सरताना बर्फ वितळलं. रस्त्याचा नुसता राडा झाला, भरीव टायरचे ट्रक रुतायला लागले. मग आजूबाजूला दगडाच्या खाणी उघडल्या आणि 'टेरिटोरियल' म्हणवले जाणारे वयस्कर शिपाई रात्रंदिवस खडी टाकत राहिले. रोलर फिरवायचा तर वाहतूक थांबवावी लागणार, ते शक्यच नव्हतं. खडी टाकायची ती दोन ट्रकच्या मधे, आणि तिच्यावर दाब पडायचा तो पुढच्या ट्रकच्या चाकांचा. दोन ट्रकमधलं हे अंतर किती? सरासरी १४ सेकंद! बंद पडलेला ट्रक सरळ बाजूच्या चरात ढकलत. चालणारं पायदळ आणि घोडे शेतांतून जात. या एका रस्त्यावरून आठवड्याला सुमारे ९०,००० माणसं आणि ५०,००० टन दारूगोळा गेला.

पेताँने तुकड्या सतत बदलत्या ठेवल्या. फ्रेंच याला 'नोरिया' म्हणत, म्हणजे आपलं रहाटगाडगं. हा शब्द वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. ताज्या दमाची पोरं भरभरून जाणार, चिखलाने माखलेली, मोजकीच परत येणार. खडी टाकणारे दोन्ही चेहरे बघत होते. त्यांतल्या कितीकांची स्वतःची मुलं त्याच वयाची असतील.

पुढे या रस्त्याला 'पवित्र मार्ग' म्हणू लागले. आज त्याचा क्रमांकही डी १९१६ आहे. कडेच्या मैलाच्या दगडांवर शिपायाचं शिरस्त्राण बसवलंय. त्यातल्या एखाद्यावर तरी फावडं हवं होतं.