प्रतिक्रिया : यामी ‘तैवानी’ शाखेतली नाही

लेखात यामी (ताओ) भाषेला ऑस्ट्रोनेशियन भाषाकुळाच्या तैवानमधल्या मूळ शाखांत बसवलंय. ती चूक आहे. ती जिथे बोलतात ते लान्यू बेट तैवानच्या ताब्यात आहे एवढंच. भाषा मात्र बाशी खाडीपलीकडच्या इवातान आणि इत्बायात या फिलिपिन्सच्या बातानेस बेटांवरच्या भाषांची सख्खी बहीण. हा बातानी गट त्याच कुळाच्या मलायो-पॉलिनेशियन शाखेत मोडतो. भाषाशास्त्रज्ञ ब्लस्ट यांच्या १९९९च्या वर्गीकरणात ऑस्ट्रोनेशियनच्या दहा मुख्य शाखांपैकी उरलेल्या नऊ तैवानात आहेत, त्यांत यामी नाही.

पडताळायचं तर एका शब्दावर जाऊ नका. ‘घर’ म्हणजे यामी-इवातानमध्ये ‘वाहाय’, पण तागालोगमध्येही (फिलिपिन्सची मोठी भाषा) ‘बाहाय’, म्हणजे इथे फसगत ठरलेली. मूळ पूर्वज भाषेतल्या ‘र’सारख्या ध्वनीचं काय झालं ते बघा: शीर किंवा नस मलयमध्ये ‘उरात’, तागालोगमध्ये ‘उगात’, बातानी भाषांत ‘उयात’. शंभर मलयमध्ये ‘रातुस’, यामीत ‘यातुस’. हा ‘य’ नियमाने येतो, म्हणून तो यामी बातानी असल्याचा पुरावा.

तुलनेसाठी शब्दांची यादी करताना उसने शब्द आधी काढा. यामीत जपानी राजवटीतले (१८९५–१९४५) ‘सिन्सी’ (शिक्षक), ‘किसात’ (पोलीस) आहेत. इवातानमध्ये स्पॅनिश आणि इलोकानो (फिलिपिन्सचीच दुसरी भाषा) शब्द भरपूर.

यामीतल्या क्रियापदाच्या रूपांना सरळ ‘कर्तरी-कर्मणी’ म्हणणंही अपुरं. ‘कान’ (खाणे) यात ‘उम’ मधे घुसून ‘कुमान’ होतं, तेव्हा वाक्याचा रोख खाणाऱ्यावर. ‘कानेन’ म्हटलं की खाल्लेल्या वस्तूवर. शिवाय स्थळ आणि साधन यांच्यासाठी वेगळी रूपं असतात, जी आपल्या प्रयोगांत कुठेच बसत नाहीत.