दॉक-इम कृतघ्न नव्हती

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल सकाळी वाचली, रात्री परत वाचली आणि ठरवलं की याला दोन ओळींचं उत्तर पुरायचं नाही. ‘द रेड स्लीव’ या कोरियन मालिकेच्या शेवटच्या, सतराव्या भागावर मी जे लिहिलं ते तुम्हाला पटलेलं नाही. मागाहून वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. मरणाच्या दारात नायिका दॉक-इम, आधी राजवाड्यातली दासी आणि पुढे राजाची उपपत्नी, राजाला सोडून मैत्रिणींना बोलवा म्हणते, वर त्यालाच सांगते की पुढच्या जन्मी दिसले तर ओळख दाखवू नका. ज्याने तिच्यावर एवढा जीव लावला त्याच्याशी हा कृतघ्नपणा झाला, आणि मी त्याचं कौतुक केलं, ही तुमची मुख्य तक्रार. शिवाय अठराव्या शतकातली दासी राजाला ‘नाही’ म्हणते हे आजचे विचार जुन्या कपड्यांत घुसवणं आहे. त्यापेक्षा याच राजावरची २००७ सालची मालिका ‘यी सान’ खरी वाटते. आणि जाता जाता तुम्ही माझी एक चूक दाखवलीत: दॉक-इमच्या मुलाला, छोट्या युवराजाला, देवी आल्या असं मी लिहिलं होतं, तो गेला गोवराने.

चुकीचं आधी. तुमचं बरोबर आहे. युवराज मुनह्यो १७८६ साली गोवराने गेला, तेव्हा त्याला चार वर्षंही पूर्ण झाली नव्हती. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. मनापासून आभार.

आता त्या ‘नाही’बद्दल. हा माझ्या आवडीचा विषय आहे, म्हणून जरा लांबेल.

दॉक-इम काल्पनिक नाही. ती खरोखर होऊन गेली. इतिहासात ती उइबिन सॉन्ग या पदनामाने ओळखली जाते. जन्म १७५३, मृत्यू १७८६. ती गेल्यावर राजा जॉन्गजोने, म्हणजे आपल्या यी सानने, तिच्या समाधीसाठीचा लेख स्वतः लिहिला. राजाने एका उपपत्नीसाठी स्वतः बसून एवढं लिहावं, हीच मोठी गोष्ट. त्या लेखात त्याने एक गोष्ट लपवलेली नाही. १७६६ साली, तो स्वतः अजून युवराज असताना, त्याने तिला पहिल्यांदा विचारलं. ती तेव्हा तेरा-चौदा वर्षांची पोर. तिने रडत सांगितलं की तुमच्या पत्नीला अजून मूलबाळ नाही, मी हे करू धजत नाही. जीव गेला तरी चालेल अशी शपथ घेऊन ती अडून राहिली. त्याने ऐकलं. पुढे पंधरा वर्षांनी, राजा झाल्यावर, त्याने पुन्हा विचारलं आणि ती पुन्हा नाहीच म्हणाली. तेव्हा मात्र त्याने तिच्या नोकरांना दोषी धरून शिक्षा दिली आणि मग तिने मानलं.

हे सगळं तिच्या नवऱ्याच्या हातचं आहे. दोन नकार त्याने स्वतः नोंदवले आणि दुसऱ्या नकारानंतर आपण काय केलं तेही नोंदवलं. तेव्हा ‘अशी दासी असूच शकत नाही’ हे मला मान्य करता येत नाही. उलट मालिकेतला तिचा होकार त्या मानाने पुष्कळ मऊ आहे. खरं घडलं ते जास्त कठोर होतं. तिने दिलेलं कारण तर पूर्ण त्या काळचं आहे, पत्नीचा मान राखणारं. त्या कारणाच्या मागे आणखी काय होतं हे तिने कुठे लिहून ठेवलेलं नाही. मालिकेने नेमकी तीच जागा भरली आहे, आणि माझ्या मते जपून भरली आहे.

तिच्या हातचंही काही शिल्लक आहे बरं का. १७७३ साली राजाच्या दोन बहिणी, चॉन्गयॉन आणि चॉन्गसॉन, आणि राजवाड्यातल्या काही दासी मिळून एका दहा खंडांच्या कादंबरीची नक्कल उतरवत होत्या. त्या हस्तलिखितात दॉक-इमचं अक्षर आहे आणि ते तिचंच असल्याची टीपही आहे. मालिकेत ती दिवस-रात्र गोष्टी वाचते, नकला उतरवते, मैत्रिणींना वाचून दाखवते. तुम्हाला तो भाग ‘वेळकाढू’ वाटला. मला त्यातच सगळा शेवट दिसतो. ज्या बाईचं स्वतःचं असं एक जग होतं, तिच्याकडूनच ते काढून घेता येतं.

‘यी सान’ मीही पाहिली आहे, सत्त्याहत्तरच्या सत्त्याहत्तर भाग. जीव लावून केलेली मालिका आहे, तिच्याबद्दल वाईट बोलणार नाही. पण खरेपणाचा प्रश्न काढलात म्हणून सांगते, तिथली नायिका राजदरबारच्या चित्रशाळेत काम करणारी मुलगी आहे. खरी दॉक-इम दासी होती. आणि दासी असण्यातच गोष्टीची गाठ आहे. राजवाड्यातली दासी म्हणजे नियमाने राजाची स्त्री. राजाने तिच्याकडे उभ्या आयुष्यात एकदाही पाहिलं नाही तरी तिला दुसऱ्या कुणाशी लग्न करता येत नसे. मालिकेच्या नावातली लाल बाही, या दासींच्या अंगरख्याची, ती हीच खूण. मालिकेत दॉक-इमची मैत्रीण यॉन्ग-ही हिला प्रेम केल्याबद्दल मृत्युदंड होतो तो याच नियमापायी. तुमच्या प्रतिक्रियेत यॉन्ग-हीचा उल्लेखच नाही. दॉक-इम ‘मैत्रिणींना बोलवा’ म्हणते ते यॉन्ग-हीच्या जाण्यानंतर म्हणते, हे लक्षात घेऊन तो प्रसंग परत पाहा. चौघी होत्या. एक गेली. पोटचं पोर गेलं, पोटात दुसरं आहे आणि आपणही जाणार हे कळलेलं आहे. राजा तर समोर बसलेलाच आहे, त्याला वेगळं बोलवायचं कशाला? ज्या समोर नाहीत त्यांनाच ती बोलावते. एरवी त्या दोघी आपणहून तिच्या खोलीत येऊ शकत नाहीत, कारण आता त्यांना तिच्यापुढे वाकून उभं राहावं लागतं. लहानपणी एका पांघरुणात झोपलेल्या पोरी.

आता ते वाक्य, ज्याने तुम्ही दुखावलात.

हा भाग मी आईबरोबर पाहिला. आईला इंग्रजी सबटायटल्स भराभर वाचता येत नाहीत, म्हणून मी बाजूला बसून मराठीत सांगत जाते. ती मेथी निवडत होती. दॉक-इम म्हणाली, माझी खरंच कदर केली असेल तर पुढच्या जन्मी मला पाहून न पाहिल्यासारखं करा, नुसती वस्त्राची कड घासून पुढे निघून जा. मी सांगितलं आणि माझाच आवाज बसला. आई म्हणाली, “कड घासून कशाला? लांबूनच जा म्हणायचं की.”

तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. कोरियन भाषेत एक म्हण आहे: येता-जाता कुणाच्या वस्त्राची कड नुसती घासली तरी तो ‘इन्यॉन’ असतो. इन्यॉन म्हणजे आपण ज्याला ऋणानुबंध म्हणतो तो. ही म्हण कोरियात पोरासोरांना माहीत असते. तेव्हा दॉक-इमचं वाक्य तिथल्या माणसाच्या कानावर कसं पडत असेल ते बघा. ओळख दाखवू नका, असं ती म्हणते आणि त्याच दमात, कड तेवढी घासून जा, असंही म्हणते. म्हणजे बंध नको असं ती म्हणतच नाही. त्या बंधाचं लग्न नको, दरबार नको, लाल बाही नको, एवढंच तिचं मागणं. सबटायटल्समध्ये यातलं काही उरत नाही, त्यामुळे तुम्हाला ते कोरडं वाटलं याचा दोष मी तुम्हाला देणार नाही.

लगेच पुढे ती म्हणते की मी तुम्हाला दोष देत नाही, पुढच्या जन्मी मला माझ्या मनासारखं जगायचं आहे, बस. त्यावर तो विचारतो, तुझं माझ्यावर एवढंसंही प्रेम नव्हतं का? आणि ती विचारते, अजूनही कळलं नाही? मनातून नकोच असतं तर कसंही करून पळून गेले असते. तुमच्याजवळ राहणं हे शेवटी मीच निवडलं. दॉक-इम झालेल्या ली से-यंगने हे वाक्य किती थकलेल्या आवाजात म्हटलंय! समजूत घालण्याचंही त्राण उरलेलं नाही. तुमच्या प्रतिक्रियेत पहिला अर्धा भाग आहे, हा दुसरा नाही. दोन्ही एकत्र ऐका, एवढीच विनंती.

राजाचं प्रेम खोटं होतं असं मी कुठेच म्हटलेलं नाही. यी सान हा नऊ-दहा वर्षांचा असताना ज्याच्या बापाला, युवराज सादोला, १७६२ साली तांदळाच्या पेटीत कोंडून मारलं गेलं तो मुलगा आहे. मारणारा आजोबा, आणि त्याच आजोबाकडून त्याला राज्य मिळालं. असा माणूस कुणावर विसंबायला शिकला तर त्या व्यक्तीला घट्ट धरणारच. मला त्याची कणव येते. पण त्याला दॉक-इमच्या वस्तूंची पेटी उघडून दाखवतात तो प्रसंग आठवा. ती जाऊन कितीतरी वर्षं झालेली, पेटीत तिचे दासी असतानाचे कपडे. रेशमी पोशाख नाहीत, दागिने नाहीत. तो लाल बाहीचा अंगरखा हातात घेतो आणि तो इतका लहान असतो की हातात पसरल्यावर त्याला कळतं, ती एवढीशी होती. राजा झालेला ली जुनहो तिथे मोठ्याने रडत नाही, आधी नुसता कापडाकडे बघत राहतो. तुम्ही याला मेलोड्रामा म्हटलंत. मला वाटतं, राजाने तिला राणीवशातली स्त्री म्हणून न पाहता दॉक-इम म्हणून पाहिलं ते तेव्हा. फार उशिरा.

शेवटी तुम्ही विचारलंय की मेल्यावर तरी ती दोघं एकत्र आहेत का. नाहीत. राजा १८०० साली गेला. ह्वासॉन्गमधल्या गन्नुंग इथे त्याच्या शेजारी राणी ह्योउई आहे. दॉक-इमला सोलमध्ये, ज्या जागेला आज ह्योचांग पार्क म्हणतात तिथे, तिच्या मुलाच्या जवळ पुरलं होतं. जपानी राजवटीत, १९४४ च्या सुमारास, दोघांची थडगी उकरून गोयांगला सोसामनुंग या राजसमाध्यांच्या आवारात हलवली गेली. तिथेही मुलाची समाधी वेगळीकडे आणि आईची वेगळीकडे, इतर उपपत्नींच्या रांगेत. ह्योचांगला आता किम गू आणि इतर स्वातंत्र्यसैनिकांच्या समाध्या आहेत.

माझ्या मूळ लेखात हे राहून गेलं होतं. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिता आलं.