आवरण्याआधी विचारा तरी

घर आवरण्यावरच्या एका लेखात म्हटलंय की नातेवाइकांकडे गेलं की त्यांच्या नकळत थोडाथोडा पसारा टाकून द्यावा. मला हे अजिबात पटलं नाही. मी नेमकं हेच केलं होतं, त्याचं अजून वाईट वाटतं.

सासूबाई बार्शीकडच्या. स्वयंपाकघरात श्रीखंडाचे रिकामे डबे, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, सुतळीचे गुंडाळे. एकदा त्या देवळात गेल्या असताना मी दोन पोती भरून भंगारवाल्याला दिली. आल्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत. रात्री लोणच्याच्या बरणीला दादरा बांधायला सुतळी शोधत राहिल्या, तेव्हा मला कसंतरीच झालं. १९७२ च्या दुष्काळात त्या आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जायच्या, रेशनवर मिळणाऱ्या मिलो नावाच्या लाल ज्वारीच्या भाकरी खायच्या, हे मला नंतर कळलं. अशा माणसाच्या हातून सुतळीचा तुकडा तरी कसा टाकवेल?

आता आम्ही दोघी मिळून एका वेळी एकच कप्पा काढतो. ठेवायचं की टाकायचं, त्या सांगतात. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून घेतल्या. मुदत संपलेली औषधं आणि बाथरूमच्या वाटेतलं सामान, एवढ्यावर मात्र मी अडून बसते. या वयात रात्री पाय अडकून पडल्या तर खुबाच मोडायचा. बाकी माळ्याला मी हात लावत नाही, घर त्यांचं आहे.

गेल्या महिन्यात त्यांनी स्वतःहून सहा बरण्या बाजूला काढल्या. म्हणाल्या, "तुला लोणच्याला ने."