आकाशाला फुटलेला कोबी

गोव्यात जलरंगात चित्र काढायला जून ते सप्टेंबर हे सर्वांत देखणे महिने, आणि जलरंगाचं चित्र वाळायला सर्वांत नालायक. डोंगर हिरवेगार, चिऱ्याच्या भिंतींवर शेवाळ, मांडवी गढूळ, आभाळाचा करडा रोज वेगळा. वर्षाला सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस, त्यातला बहुतेक याच दिवसांत. एवढं पाणी बाहेर असताना माणसाने घरात बसून आणखी पाण्याशी खेळावं का, हा घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून मी ब्रश धुतो.

पुस्तकं सांगतात, पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, दहा मिनिटांत वाळतो. ती दहा मिनिटं कुठल्या देशातली, ते पुस्तकं सांगत नाहीत. आषाढात फोंड्याला ३०० जीएसएमचा जाड कागद एकदा भिजला की तो वाळायची घाई करत नाही; हवेतच जागा नसते, कागदातलं पाणी जाणार कुठे? आधी कागद चकाकतो. मग चकाकी जाते आणि आपल्याला वाटतं, वाळला. इथेच घात होतो. हाताची मागची बाजू कागदाला हलकेच लावून पाहावी. गार लागला तर आत अजून ओल आहे. या गार अवस्थेत भरपूर पाण्याचा ब्रश टेकवला की नवं पाणी अर्धवट सुकलेल्या भागात पसरतं, वाटेतला रंग ढकलत कडेला नेऊन टाकतं, आणि आभाळात झालरीचा पांढुरका फुलकोबी उगवतो. चित्रकारांच्या बोलण्यात त्याला फुलकोबीच म्हणतात. भाजी म्हणून बरा. ढग म्हणून कुणाची फसगत होत नाही.

नियम सोपा आहे: ओल्या कागदापेक्षा ब्रश नेहमी कोरडा. ओल्यात रंग टाकायचा तर तो दाट हवा, आणि ब्रश आधी फडक्याला टिपून घेतलेला. हे सगळ्यांना पाठ असतं. पाळत कुणी नाही, कारण आभाळाचा तो एक कोपरा आपल्याला बघवत नसतो.

आणि मास्तर लोकांची खरी किंमत इथे कळते. चांगला मास्तर ब्रश कसा धरावा यापेक्षा तो कधी खाली ठेवावा हे जास्त वेळा सांगतो. कोबी ओला असताना पुसायला गेलात की कोबीचा मळा होतो. त्याला पूर्ण, अगदी पूर्ण वाळू द्यावं. मग स्वच्छ पाण्याचा ब्रश त्या कडेवरून फिरवावा, क्षणभर थांबावं, टिशू दाबून उचलावा. घासू नये, घासलं की कागदाला लव सुटते आणि पुढचा रंग तिथे काळवंडून बसतो. अल्ट्रामरीन निळा, तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना असे रंग बऱ्यापैकी उठतात. थॅलो निळा आणि थॅलो हिरवा मात्र आलेले पाहुणे नव्हेत, ते भाडेकरू आहेत; एकदा शिरले की निघत नाहीत. पावसाळी हिरव्यासाठी नवखा हात नेमका थॅलो हिरव्याकडेच जातो आणि शेत किंचाळू लागतं. त्यात बर्न्ट सिएना घाला, गप्प बसतं. आभाळाचा करडा हवा असेल तर तोच सिएना अल्ट्रामरीनमध्ये: निळा जास्त तर पाऊस येणार, तांबडा जास्त तर येऊन गेला.

पण प्रत्येक चूक पुसायची नसते. काही कोबी फार शहाण्या जागी उगवतात. तोच डाग चिऱ्याच्या कुंपणावर पडला तर इतकं अस्सल शेवाळ कुणी मुद्दाम रंगवून दाखवावं. मास्तरचं कसब हे की तो आधी विचारतो, डाग कुठे पडलाय? मग ठरवतो की ही चूक आहे की काम आपोआप झालंय.

या बाबतीत माझं दैवत गोव्यातल्या सांतु इस्तेव्ह बेटावर १९०२ साली जन्मलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका. मुंबईचं कलाशिक्षण सोडून ते शांतिनिकेतनला गेले, अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बसू यांच्याकडे शिकले. अवनींद्रनाथांची वॉश पद्धत ऐकली की आम्हां पागोळ्यांखालच्या लोकांना धीर येतो: रंगवलेलं चित्र सरळ पाण्यात बुडवायचं, वाळवायचं, पुन्हा रंगवायचं, पुन्हा बुडवायचं. जो रंग टिकला तो चित्राचा, सुटला तो पाण्याचा. गुरूच चित्र बुडवतो म्हटल्यावर शिष्य एका थेंबाला काय घाबरणार? फोन्सेकांनी पुढे येशूची आई मरियम साडी नेसलेली रंगवली आणि गोव्यात अनेकांना ती भलतीच चूक वाटली. त्यांनी ती काही धुतली नाही. आज त्यांचं काम पर्वरीच्या झेवियर सेंटर या इतिहास संशोधन संस्थेत जपलेलं आहे.

ज्यांना मात्र कुठलाही मास्तर शहाणी चूक म्हणून स्वीकारणार नाही, अशाही गोष्टी आहेत. पहिली, मेलेला कागद. कागदाला सरसाचा किंवा तसला लेप असतो, तो रंगाला वर धरून ठेवतो. दमटपणात बुरशी तो लेप खाते. मग रंग टाकला की तो टिपकागदावर शाई बसावी तसा जागच्या जागी बुडतो. त्यावर उपाय नाही; त्या कागदावर किराण्याची यादी करावी. म्हणून चवथीपर्यंत कागद घट्ट बंद पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसकट, भिंतीला न टेकलेल्या कपाटात. दुसरी, रंगाची पेटी. ओली मिटली तर आत बुरशीची लव येते, उघडी ठेवली तर मध घातलेल्या रंगांना मुंग्या येतात. मी लव आणि मुंग्या यांत मुंग्या निवडतो, त्या निदान पुसल्यावर जातात.

तिसरी, मास्किंग टेप, म्हणजे कागदाच्या कडा झाकायला लावतात ती चिकटपट्टी. आठवडाभर ओल्या हवेत कागदाला चिकटून राहिली की ती सोडायचं नाव घेत नाही आणि ओढली तर आभाळाची कड घेऊन जाते. हेअर ड्रायरने थोडी गरम करून, चित्रापासून बाहेरच्या बाजूला, तिरकी, सावकाश काढावी. हाच ड्रायर वॉश वाळवायला हातभर अंतरावरून सतत हलवत धरावा, जवळ धरला तर पाण्याचं तळं पुढे ढकलतो. हे सगळं लाइट असेल तर. नसेल तर मेणबत्ती, आणि मग चौथ्या प्रकारच्या चुका, त्या कागदाच्या कडेला मेणाच्या रूपात सापडतात.

एवढ्यातून तगलेलं चित्र फ्रेम करताना काच कागदाला टेकू देऊ नका, मधे जाड माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवा. तरी दोन पावसाळ्यांनी आभाळात बारीक तपकिरी ठिपके उमटतात. पाहुणे विचारतात, "हे पक्षी किती बारीक काढलेत हो?" अशा वेळी पुढ्यात चहा सरकवावा.