येशू लडाखला शिकला नाही, बुद्ध मात्र रोमला पोचला

नाताळ जवळ आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो: 'बाराव्या वर्षापासून तिसाव्या वर्षापर्यंत येशू भारतात होता. लडाखच्या हेमिस मठात तो बौद्ध धर्म शिकला. श्रीनगरच्या रोझाबलमध्ये त्याची कबर आहे. म्हणजे दोन्ही धर्म एकच.' पाठवणाऱ्यांचा हेतू बहुधा चांगलाच असतो, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे.

हेमिसची गोष्ट निकोलस नोतोविच या रशियन प्रवाशाने १८९४ मध्ये छापली. पाय मोडल्यामुळे मठात राहिलो आणि लामांनी येशूचे चरित्र वाचून दाखवले, असे तो सांगतो. तिबेटी ग्रंथांच्या सूचींत असा ग्रंथच नाही, हे त्याच वर्षी प्राच्यविद्येचे अभ्यासक मॅक्स म्युलर यांनी दाखवून दिले. १८९५ मध्ये आग्र्याचे प्राध्यापक डग्लस हेमिसला गेले. असा ग्रंथ नाही आणि पाय मोडलेला असा कोणी पाहुणाही आला नव्हता, असे मुख्य लामांनी त्यांना सांगितले. पुढे १९२२ मध्ये स्वामी अभेदानंदांनी पोथी पाहिल्याचे म्हटले, हे खरे. पण ती पोथी आजतागायत कोणा अभ्यासकाला तपासायला मिळालेली नाही.

मधल्या वर्षांबद्दल शुभवर्तमाने, म्हणजे बायबलमधली येशूची चरित्रे, फारसे बोलत नाहीत. पण येशू नासरेथच्या सभास्थानात बोलला तेव्हा गावकरी म्हणाले, हा तर आपला सुतार, मरीयेचा मुलगा! सतरा-अठरा वर्षे परदेशी राहून आलेल्याला गाव असे ओळखत नाही. शेजाऱ्यावर प्रीती करा हे त्याचे वचन तर बौद्ध मठातले नव्हे, त्याच्याच यहुदी धर्मशास्त्रातले, लेवीय १९:१८.

रोझाबलचा मुद्दा मात्र मला खरोखर मोलाचा वाटतो. तिथे पुरलेल्या पुरुषाचे नाव यूझ आसफ. तो येशूच, असे अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडले. पण हे नाव कुठून आले? 'बोधिसत्त्व' अरबीत 'बूदासफ' झाला. अरबी लिपीत शब्दाच्या सुरुवातीच्या 'ब'खाली एक नुक्ता, 'य'खाली दोन. एवढ्याशा फरकाने 'यूदासफ' झाला, आणि त्याचाच पुढे 'यूझ आसफ'. राजवाडा सोडणाऱ्या राजपुत्राची ती कथा अरबीतून जॉर्जियन, ग्रीक, लॅटिन अशी फिरली आणि 'जोसाफत' नावाचा ख्रिस्ती संत तयार झाला. रोमच्या संतसूचीत त्याला २७ नोव्हेंबर हा दिवस मिळाला. म्हणजे शतकानुशतके ख्रिस्ती लोक नकळत बुद्धाच्या त्यागाला वंदन करत होते! अरबी कथेत हा राजपुत्र काश्मिरात देह ठेवतो. ते मूळचे कुशिनगर, म्हणजे बुद्धाने देह ठेवला ते गाव, असावे, असा अभ्यासकांचा कयास आहे. खोट्या प्रवासापेक्षा हा खरा प्रवास कितीतरी सुंदर आहे, आणि आपण तोच विसरलो याचे मला वाईट वाटते.

राहिले 'दोन्ही एकच'. बुद्ध दुःखाचे मूळ तृष्णेत शोधतो, सृष्टिकर्त्या ईश्वराचा आधार घेत नाही. येशूचा प्रत्येक शब्द पित्याला धरून आहे. हा फरक पुसला तर दोघांचेही ऐकलेच नाही असे होते. थॉमस मर्टन हे ट्रॅपिस्ट या कॅथलिक संघाचे संन्यासी नोव्हेंबर १९६८ मध्ये हिमाचलातल्या धरमशाला गावी दलाई लामांना तीनदा भेटले. ध्यानाला कसे बसावे, मठातली व्रते कशासाठी, यावर दोघे बोलले. मर्टन ख्रिस्तीच राहिले, दलाई लामा बौद्धच. 'ख्रिस्ती' या शब्दाचा खरा अर्थ मर्टनमुळे कळला, असे दलाई लामांनी पुढे लिहिले.